एन्क्रिप्ट झालेल्या मेलचा टक्का १३१ आला, आता ऑडिटरला काय लिहू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. महापेला तुमच्या कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्यावर पोस्टफिक्स हा मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम चालतो, दीडेकशे मेलबॉक्स आहेत, स्पॅम गाळायला मध्ये अमाविस बसवलंय. ऑडिटरने विचारलं, तुमचे किती टक्के मेल एन्क्रिप्ट होऊन येतात-जातात? तुम्ही महिन्याचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, काढून ‘टीएलएस कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ या ओळी मोजल्या (टीएलएस म्हणजे वाटेतलं एन्क्रिप्शन), त्यांना ‘स्टेटस=सेंट’च्या, म्हणजे मेल पुढे दिल्याच्या, ओळींनी भागलं, तर आले १३१ टक्के. मग फक्त बाहेर जाणाऱ्या टीएलएसच्या ओळी घेऊन भागलं, तर आले ४८. साहेबांचं म्हणणं असं की ४८ लिहिलं तर बोंब होईल, १३१ लिहिता येत नाही, तेव्हा ९५ लिहून मोकळे व्हा.

९५ लिहू नका. तुम्हाला ते पटलं नाही आणि तुम्ही थांबून विचारलंत, हे फार बरं केलंत. मी गेली वीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळते, आणि तुमचे दोन्ही आकडे मी माझ्या स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलेले आहेत. तुमची बेरीज चुकलेली नाही. तुम्ही ज्याला ज्याने भागताय, त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

आधी ४८ चं कोडं सोडवू, कारण तेच तुम्हाला जास्त छळतंय. पोस्टफिक्समध्ये ‘स्टेटस=सेंट’ची ओळ मेलमागे एक पडत नाही, प्रत्येक पत्त्यामागे एक पडते. एकाच कंपनीतल्या पाच जणांना एक मेल गेला, तर टीएलएसची ओळ एक आणि ‘सेंट’च्या पाच. त्यात अमाविस. मेल आला की पोस्टफिक्स तो आधी १२७.०.०.१ वर, पोर्ट १००२४ ला (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार), अमाविसकडे देतं. तीही एक ‘सेंट’. अमाविसने तपासून परत दिला की खऱ्या ठिकाणी जातो, ती दुसरी. त्याच मशीनच्या पोटातल्या पोटात झालेल्या त्या पहिल्या फेरीला टीएलएस नसतं आणि असायची गरजही नाही. बाहेरून तुमच्याकडे आलेले मेल डव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे पडतात, त्यांच्याही ‘सेंट’ ओळी पडतात. हे सगळं तुम्ही भाजकात घातलंत. टक्का निम्म्यावर येणारच.

१३१ ची गोष्ट उलट आहे. तिथे तुम्ही येणारी, जाणारी आणि लोकांच्या फोन-लॅपटॉपवरून लागणारी अशी सगळी टीएलएस कनेक्शनं एका टोपलीत टाकलीत. पासवर्ड चोरण्यासाठी दिवसरात्र दार वाजवणारे बॉट हल्ली छान टीएलएस बोलतात. ते जोडतात, एन्क्रिप्शन सुरू करतात, दोन पासवर्ड मारून बघतात आणि निघून जातात. मेल एकही नाही, पण टीएलएसची ओळ पडली. म्हणजे तुमचा टक्का ज्यांनी वाढवला ते तुमच्यावर हल्ला करणारे होते.

म्हणून पहिलं काम मोजायचं नाही, वाटा वेगळ्या करायचं. तुमच्या सर्व्हरवर तीन वाटा आहेत. एक, तुमच्या माणसाकडून सर्व्हरकडे, पोर्ट ५८७ किंवा ४६५. दुसरी, बाहेरच्या सर्व्हरकडून तुमच्याकडे, पोर्ट २५. तिसरी, तुमच्याकडून बाहेरच्या सर्व्हरकडे, तीही पोर्ट २५. पहिल्या वाटेवर टक्का काढायचाच नाही. तिथे दोन्ही टोकं तुमच्या हातात आहेत, तेव्हा एन्क्रिप्शनशिवाय लॉगिन घेऊच नका. एका सेटिंगचा प्रश्न आहे आणि उत्तर १०० किंवा ‘सेटिंग चुकलंय’ एवढंच असू शकतं. टक्का हवा तो उरलेल्या दोन वाटांवर, आणि तोही वेगवेगळा.

पोर्ट २५ वर १०० का येत नाही, हे साहेबांना समजावताना थोडा इतिहास लागेल. एसएमटीपी, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती भाषा, १९८२ ची. तेव्हा एन्क्रिप्शनचा विचारच नव्हता. स्टार्टटीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करायचा हुकूम, १९९९ मध्ये आलं आणि २००२ मध्ये त्याचं सुधारलेलं रूप ठरलं, पण ते जुन्या रस्त्याला जोडलेलं आहे. दोन सर्व्हर आधी उघड्यावर बोलायला लागतात, समोरचा म्हणतो ‘मला स्टार्टटीएलएस येतं’, मग हा म्हणतो ‘चल सुरू करू’. समोरच्याने तसं म्हटलंच नाही, तर मेल अडत नाही, उघडाच जातो. हँडशेक बिघडला तरी पोस्टफिक्स शेवटी उघड्यावर पाठवून मोकळं होतं. मेल पोचणं सगळ्यात महत्त्वाचं, हा त्या रचनेचा पाया आहे. त्याचाच परिणाम असा की एन्क्रिप्शन बंद पडलं तरी कुणाचीही तक्रार येत नाही. मेल तर पोचतोय ना!

हे मला कसं कळलं ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचा सर्व्हर माझ्याकडे होता. एका शनिवारी तिथे नवी फायरवॉल बसली. सोमवारी सगळं चालू, लोक खूश. मी सहज म्हणून, दुसऱ्याच एका अडकलेल्या मेलच्या मागे लागून, अकराव्या दिवशी लॉग चाळत होते. जाणाऱ्या बाजूला टीएलएसची एकही ओळ दिसेना. आधी वाटलं लॉग लेव्हल कुणीतरी उतरवली. तसं नव्हतं. मग सर्व्हरवरूनच टेलनेटने एका मोठ्या मेल कंपनीच्या पोर्ट २५ ला हात घातला आणि ईहेलो, म्हणजे सर्व्हरांचा आपसातला नमस्कार, टाइप केलं. उत्तरात नेहमीची यादी आली, २५०-साइज, २५०-पाइपलायनिंग, आणि जिथे २५०-स्टार्टटीएलएस असायला हवं तिथे इंग्रजी एक्सची रांग, कुणीतरी फुल्या मारून ठेवल्यासारखी. फायरवॉल एसएमटीपी ‘तपासत’ होती. एन्क्रिप्ट झालेलं तिला वाचता येत नाही, म्हणून स्टार्टटीएलएस हा शब्दच ती वाटेत खोडत होती. एक खूण काढली आणि दोन मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. पण अकरा दिवस त्या कंपनीचे पगाराचे तक्ते आणि टेंडरचे भाव इंटरनेटवरून उघडे गेले होते. मी तिथल्या मालकांना समोर बसून हे सांगितलं. तो दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक सर्व्हरवर हे रोज मोजलं जातं.

आता मोजायचं कसं. तुमचं पोस्टफिक्स ३.० किंवा त्यानंतरचं असेल तर येणाऱ्या बाजूसाठी सगळ्यात प्रामाणिक ओळ शेवटची असते, डिसकनेक्टची. लॉगमध्ये ती रोमन अक्षरांत दिसेल, वाचायची अशी: ‘ईहेलो=२ स्टार्टटीएलएस=१ मेल=१ आरसीपीटी=१ डेटा=१ क्विट=१ कमांड्स=७’. या एका ओळीत पूर्ण भेटीचा हिशेब आहे. ईहेलो दोनदा, कारण एन्क्रिप्शन सुरू झाल्यावर नमस्कार पुन्हा करावा लागतो. डेटा=१ म्हणजे एक मेल खरोखर घेतला. बॉटची ओळ वेगळी दिसते: ‘ईहेलो=२ स्टार्टटीएलएस=१ ऑथ=०/१ क्विट=१’ अशी काहीतरी. शून्य छेद एक म्हणजे एकदा प्रयत्न झाला, यश शून्य. त्यात डेटा नाहीच, म्हणून ती हिशेबातून आपोआप बाहेर पडते.

तेव्हा नियम सोपा: फक्त पोर्ट २५ च्या डिसकनेक्ट ओळी घ्या, ज्यात डेटा यशस्वी आहे त्यांतले मेल मोजा, ती एकूण संख्या. त्यांतल्या ज्या ओळींत स्टार्टटीएलएस=१ आहे त्यांचे मेल म्हणजे एन्क्रिप्ट झालेले. १२७.०.०.१ वरून आलेल्या ओळी सोडून द्या, ती अमाविसची परतफेरी आहे. एक खाच मात्र लक्षात ठेवा. पोस्टफिक्स ३.४ पासून काही सर्व्हर डेटाऐवजी बीडीएटी हा तुकड्या-तुकड्यांनी मेल द्यायचा हुकूम वापरून मेल देतात, मायक्रोसॉफ्टचे तर हमखास. तुम्ही फक्त डेटा मोजलात तर त्यांचे सगळे मेल गायब होतील. एका भेटीत बीडीएटी कितीही वेळा येऊ शकतं, म्हणून तसल्या ओळींत मी ‘मेल=’चा आकडा धरते. पोर्ट ५८७ ची प्रोसेस लॉगमध्ये वेगळ्या नावाने दिसावी म्हणून मास्टरच्या फाइलमध्ये तिला सिसलॉगचं वेगळं नाव द्या. बऱ्याच ठिकाणी ती ओळ आधीपासून असते, फक्त पुढचं कॉमेंटचं चिन्ह काढायचं असतं.

जाणारी बाजू जास्त किचकट आहे. तिथे टीएलएसचा लॉग लेव्हल १ ठेवा, त्यावर नेऊ नका, कचरा फार होतो. टीएलएसच्या ओळीत मेलचा क्यू क्रमांक (रांगेतला ओळख-क्रमांक) नसतो, प्रोसेसचा क्रमांक असतो. म्हणून जोडी लावावी लागते: ‘सेंट’ची ओळ ज्या प्रोसेसची, त्याच प्रोसेसने त्याच रिलेसाठी, म्हणजे समोरच्या सर्व्हरसाठी, त्याआधी टीएलएस सुरू केलं होतं का? होय असेल तर तो मेल एन्क्रिप्ट. मग एकाच क्यू क्रमांकाच्या आणि एकाच रिलेच्या ओळी एकत्र करून एक मेल धरा, म्हणजे पाच पत्त्यांचे पाच मेल होणार नाहीत. १२७.०.०.१ आणि डव्हकॉटकडे गेलेल्या ओळी इथेही बाहेर. ऑक या मजकूर चाळायच्या भाषेत तीस-चाळीस ओळींची स्क्रिप्ट होते. कनेक्शन पुन्हा वापरायची सोय तुम्ही मुद्दाम चालू केली असेल तर एका टीएलएसमागे अनेक मेल जातात आणि जोडी लावायची पद्धत थोडी बदलते. मुळात ती बंद असते, तेव्हा तुम्हाला बहुधा हे लागणार नाही.

या ओळींत ‘अनट्रस्टेड’ हा शब्द दिसला की वरिष्ठ घाबरतात. त्याचा अर्थ एन्क्रिप्शन झालं नाही असा नाही. एन्क्रिप्शन झालं, फक्त समोरच्याचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आपण कुणाकडून पडताळून घेतलं नाही. ‘ट्रस्टेड’ म्हणजे सर्टिफिकेट ओळखीच्या संस्थेचं आहे, पण नाव जुळतं का ते पाहिलं नाही. ‘व्हेरिफाइड’ म्हणजे नावही जुळलं. येणाऱ्या बाजूला जवळजवळ सगळीकडे ‘अॅनॉनिमस’ दिसेल, कारण पाठवणारा सर्व्हर सहसा सर्टिफिकेट दाखवतच नाही. वाटेत नुसतं कान देऊन बसलेल्यापासून पहिले दोन्ही वाचवतात. वाटेत उभं राहून सोंग घेणाऱ्यापासून फक्त तिसरा वाचवतो.

इथपर्यंत दोन खरे टक्के मिळतील, एक येणाऱ्यांचा, एक जाणाऱ्यांचा. पण माझ्या मते तुमचं खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ऑडिटर मुरलेला असेल तर तोही पुढे हेच विचारेल: उघडे गेले ते कुणाकडे गेले? त्याची नावानिशी यादी काढा. उघड्या मेलची रिलेप्रमाणे बेरीज करून मोठ्यापासून लहानाकडे लावा. तुमच्याएवढ्या कंपनीत ही यादी एका पानात मावते असा माझा अनुभव आहे. जीमेल त्यात नसेल. गूगल २०१४ पासून एन्क्रिप्ट मेलचा टक्का जाहीर दाखवतं आणि फेब्रुवारी २०२४ पासून तर पाठवणाऱ्यांनी टीएलएस वापरावं हा त्यांचा नियमच आहे. यादीत तुम्हाला भेटतील ते न्हावा शेवा बंदराची कामं करणारे जुने क्लिअरिंग एजंट, ज्यांचा सर्व्हर कुणीतरी कधीतरी लावून दिला आणि नंतर हात लावला नाही. तुर्भ्याचा एखादा ट्रान्सपोर्टवाला असेल. आणि येणाऱ्या यादीत तुमच्याच दुसऱ्या मजल्यावरचं स्कॅनर-प्रिंटर, जे स्कॅन केलेला कागद पोर्ट २५ वर उघडा ढकलतं. माझ्याकडे एका ठिकाणी नव्या कर्मचाऱ्यांची आधार आणि पॅनची स्कॅनं अशीच फिरत होती. आतल्या नेटवर्कमधलं आहे म्हणून सोडून देऊ नका. त्याला ५८७ वर आणा, आणि जुनं असून टीएलएस येतच नसेल तर त्याला फक्त आतल्या पत्त्यांवर पाठवायची परवानगी ठेवा.

बाहेरच्यांना फोन करा. खरंच करा. मी करते. ‘तुमचा सर्व्हर एन्क्रिप्शन घेत नाही, आमची बिलं तुमच्याकडे उघडी येताहेत’ असं सांगितलं की बहुतेक जण मनावर घेतात, कारण आजवर त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. फोन करण्याआधी पोस्टफिक्ससोबत येणाऱ्या पोस्टटीएलएस-फिंगरने त्यांचा सर्व्हर स्वतः तपासून घ्या, म्हणजे दोष आपल्या बाजूचा नाही याची खात्री असते.

बँक, वकील, पगाराचं काम बघणारी फर्म, अशा मोजक्या डोमेनसाठी पॉलिसीच्या टेबलमध्ये ‘एन्क्रिप्ट’ सक्तीचं करा. त्यांच्याकडे टीएलएस नसेल तर मेल जाणारच नाही. पण सक्ती करण्याआधी एक गोष्ट बघा. मेल अडकल्याचा इशारा पाठवणाऱ्याला द्यायची पोस्टफिक्सची सोय मुळात बंद असते आणि मेल क्यूत पाच दिवस पडून राहू शकतो. तो इशारा चार तासांवर लावा. नाहीतर वकिलाला पाठवलेलं उत्तर पाचव्या दिवशी परत येईल आणि तारीख तोवर होऊन गेलेली असेल.

याच्या उलट एक मोह आवरा. टीएलएस १.० आणि १.१ ही २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाली, म्हणून पोर्ट २५ वर ती तडकाफडकी बंद करायचा. बंद जरूर करायची, पण आधी लॉगमध्ये बघा की अजून कोण त्यावर येतंय. त्या जुन्या सर्व्हरला तुम्ही दार लावलंत तर तो अपग्रेड होऊन येत नाही, उघडा मेल देऊन जातो. कडक सेटिंगमुळे एन्क्रिप्शन कमी झालेलं मी पाहिलंय. लोकांच्या लॉगिनच्या वाटेवर, ५८७ आणि ४६५ वर, मात्र आजच बंद करा.

तुमच्या लॉगमध्ये जे दिसूच शकत नाही, त्याचं काय? कुणी तुमच्याकडे मेल पाठवायला गेलं आणि वाटेत टीएलएस बिघडलं, तर ते तुम्हाला कळणार नाही. यासाठी २०१८ मध्ये दोन गोष्टी एकदम आल्या, एमटीए-एसटीएस आणि टीएलएस-आरपीटी. पहिलीत तुम्ही जाहीर करता की आमच्याकडे मेल टीएलएसनेच द्या आणि सर्टिफिकेट तपासा. दुसरीत डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, एक टीएक्सटी ओळ टाकून पत्ता देता, त्यावर गूगल, मायक्रोसॉफ्टसारखे मोठे पाठवणारे रोज अहवाल पाठवतात, किती कनेक्शन जमली, किती फसली, कशामुळे फसली. सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते ते बहुतेकदा मला या अहवालातून सगळ्यात आधी कळतं. एमटीए-एसटीएस आधी ‘टेस्टिंग’वर ठेवा, दोन-तीन आठवडे अहवाल वाचा, मगच ‘एन्फोर्स’ करा.

आता जे परिस्थितीवर आहे ते. तुमचे मेल थेट बाहेर न जाता एखाद्या क्लाउड गेटवेमार्फत जात असतील तर तुमचा जाणारा टक्का १०० च येईल आणि त्याला अर्थ नसेल, कारण तो फक्त गेटवेपर्यंतचा आहे. पुढचा हिशेब गेटवेवाल्याकडेच मागा. पोस्टफिक्सऐवजी एक्झिम असेल तर काम उलट सोपं, त्याच्या प्रत्येक मेलच्या ओळीतच टीएलएसचा प्रकार लिहिलेला असतो. आणि एखादं बंद डब्यासारखं उपकरण असेल, ज्याचा लॉगच मिळत नाही, तर स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे सगळ्या वाहतुकीची प्रत मिळते) झीक हा वाहतूक नोंदवणारा प्रोग्रॅम बसवा. त्याच्या एसएमटीपी लॉगमध्ये टीएलएस झालं की नाही याचा वेगळा रकाना असतो. मेलचा मजकूर साठवू नका, तेवढा रकाना पुरतो.

लॉग टिकवण्याबद्दल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस आणि भारतातच ठेवायचे आहेत. लिनक्सवर मूळ सेटिंगने ते पुष्कळदा चार आठवड्यांत पुसले जातात, तेव्हा जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटचं सेटिंग तपासा. तसंच जर्नल किंवा आरसिसलॉग हे लॉग लिहिणारे प्रोग्रॅम गर्दीच्या वेळी मर्यादेपलीकडच्या ओळी टाकून देतात आणि ‘मेसेजेस सप्रेस्ड’ अशी एक बारीक ओळ सोडतात. ती दिसली तर त्या दिवसाचा टक्का धरू नका. रोज रात्री माझी स्क्रिप्ट एका साध्या सीएसव्हीत एक ओळ टाकते: तारीख, आलेले, त्यांतले एन्क्रिप्ट, गेलेले, त्यांतले एन्क्रिप्ट. सकाळी इशारा येतो तो टक्क्यावर बेतलेला नसतो. काल ज्या रिलेकडे टीएलएसने गेलो आणि आज उघडे गेलो, त्यांची नावं येतात. वागळेची फायरवॉल आज बसली असती तर ती यादी दुसऱ्या दिवशी सकाळी पानभर झाली असती.

ऑडिटरला हे लिहा: ‘अमुक महिन्यात बाहेरून स्वीकारलेल्या इतक्या मेलपैकी इतके, आणि बाहेर पाठवलेल्या इतक्या मेलपैकी इतके, सर्व्हर ते सर्व्हर प्रवासात टीएलएसने एन्क्रिप्ट होते. उघड्या गेलेल्यांची रिलेनिहाय यादी आणि त्यावर काय केलं ते सोबत जोडलं आहे.’ ‘प्रवासात’ हा शब्द गाळू नका. सर्व्हरवर पोचल्यावर मेल उघडाच असतो, आणि तुम्ही ‘आमचे मेल एन्क्रिप्टेड आहेत’ एवढंच लिहिलंत तर उद्या त्यातून भलताच अर्थ काढला जाईल.

स्क्रिप्ट लिहिताना अडलात तर लॉगच्या दहा-बारा ओळी पत्ते आणि आयपी खोडून इथे टाका. डिसकनेक्टच्या आणि जाणाऱ्या बाजूच्या, दोन्ही. मी रात्री दहानंतर बघते.